बाबांचं पीएम (शवविच्छेदन) झालं नाही. झालं असतं तर आत काय सापडलं असतं?

खारपाणपट्ट्यातली

आम्ही दर्यापूर तालुक्यातले. कोरडवाहू कापूस आणि तूर. माझे बाबा एप्रिल २०२१ मध्ये कोरोनात गेले. वय ५८. बीपी नाही, शुगर नाही, तंबाखू मात्र होता. फेब्रुवारीत अमरावती आणि अचलपूरला लॉकडाऊन लागलं तेव्हा आमच्या गावात एकही पेशंट नव्हता. एप्रिलमध्ये घरटी एक झाला.

तापाच्या सहाव्या दिवशी बाबांचा ऑक्सिजन ८६ वर आला. शहरातल्या एका दवाखान्यात कसाबसा बेड मिळाला. एचआरसीटीचा (छातीच्या स्कॅनचा) स्कोअर २५ पैकी १४. रेमडेसिवीरसाठी दादा दोन दिवस आणि दोन रात्री फिरला. त्यानंतर बाबा सुधारले, खरंच सुधारले. मास्कवर ९४-९५ राहायला लागले, मुरमुरे मागून खाल्ले, वावरातल्या पऱ्हाट्या उपटल्या का म्हणून विचारलं.

वॉर्डात माणसं पुरत नव्हती म्हणून घरच्या एकाला थांबू देत होते. मी थांबले होते. आजाराच्या बाराव्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, भांडं नको, आज मी चालत जातो. मी त्यांचा मास्क काढला, हात धरून संडासपर्यंत नेलं. दहा-बारा पावलं असतील. बाहेर आल्यावर "दम लागला" म्हणाले, छातीवर हात ठेवला, भिंतीला टेकून खाली बसले. सिस्टर धावत आल्या, मास्क लावला, छाती दाबली. पाच मिनिटांत सगळं संपलं.

कागदावर 'कोविड न्यूमोनिया, हृदय व श्वसनक्रिया बंद' इतकंच लिहिलं आहे. पीएम झालं नाही. देह प्लास्टिकमध्ये बांधून दिला, तोही दुरून दाखवला. तेरवीला आम्ही घरचे पाच जण होतो.

दादा एकदाच म्हणाला होता, "तू मास्क काढला नसता तर." रागानं नाही, रडत म्हणाला होता. चार वर्षं झाली. बाबांचा विषय निघाला की तो उठून गोठ्याकडे जातो.

मला सांत्वन नको आहे. मला एवढंच कळून घ्यायचं आहे की ज्यांचं पीएम झालं त्यांच्या शरीरात काय दिसलं? सुधारत असलेला माणूस पाच मिनिटांत कसा जातो? आणि दोन मिनिटं मास्क काढल्यानं हे होऊ शकतं का?

---

संत्र्याची बाग, वरुड

ताई, वाचून पोटात कालवलं. आमच्या गल्लीतही एक माणूस असाच गेला, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी.

मला यातलं ज्ञान नाही, पण तेव्हा व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला होता. इटलीनं पीएम केलं (नंतर तोच मेसेज सिंगापूरच्या नावानं आला), त्यात कळलं की हा विषाणू नाहीच, बॅक्टेरिया आहे, त्यानं रक्ताच्या गुठळ्या होतात, आणि ॲस्पिरिननं माणूस घरीच बरा होतो. पीएम करायला म्हणून तर बंदी होती, असं त्यात लिहिलं होतं. यात किती खरं, किती खोटं, कोणी जाणकारानं सांगावं.

---

मायक्रोटोम

ताई, मी डॉक्टर नाही, हे आधी सांगतो. नागपुरात एका मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात एकतीस वर्षं टेक्निशियन होतो. आता हिंगणघाटकडे गावी राहतो. गावोगावच्या पीएममधून अवयवांचे तुकडे बरण्यांतून आमच्याकडे येत. ते मेणात बसवायचे, मायक्रोटोमवर तीन ते पाच मायक्रॉनचे काप काढायचे, कोमट पाण्यावर पसरून काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि काच मॅडमच्या टेबलावर ठेवायची, हे माझं काम. निदान त्या करत. पण मॅडमनी मला दुसऱ्या दुर्बिणीतून बघायची सवय लावली होती, आणि इतकी वर्षं बघून डोळा बसतो.

ज्यांचं पीएम झालं त्यांच्यात काय दिसलं, ते मी सांगू शकतो. तुमच्या बाबांच्या आत नेमकं काय झालं, ते आज कोणीच ठामपणे सांगू शकणार नाही. दोन्ही गोष्टी मी वेगळ्या ठेवून लिहितो.

आधी फुप्फुस. आपण कापसाच्या मुलखातले, म्हणून तसंच सांगतो. निरोगी फुप्फुस म्हणजे नुकता वेचलेला कोरडा कापूस, हलका आणि हवेनं भरलेला. त्याचा तुकडा फॉर्मलिनच्या (अवयव कुजू नयेत म्हणून वापरायच्या औषधाच्या) बरणीत टाकला तर वर तरंगतो. तो बुडून राहावा म्हणून वरून भिजवलेला कापूस ठेवावा लागतो, नाहीतर औषध आत शिरत नाही. २०१५ च्या स्वाइन फ्लूत एक बरणी आली होती. झाकण उघडलं तर फुप्फुसाचा तुकडा तळाशी बसलेला, गडद लाल, हातात घेतला तर यकृतच वाटावं. मी लेबल दोनदा वाचलं होतं. कोविडमध्ये जगभरच्या पीएमवाल्यांनी हेच लिहिलं. निरोगी माणसाची दोन्ही फुप्फुसं मिळून साधारण किलोच्या आत भरतात. जर्मनीत हॅम्बर्गला पहिल्या बारा लागोपाठच्या मृतदेहांचं पीएम झालं, त्यात सरासरी वजन दोन किलोच्या जवळ आलं. पावसात सापडलेली कापसाची गंजी जशी जड होते, तसं.

हे पाणी कुठून येतं? फुप्फुसात तीस ते पन्नास कोटी बारीक फुगे असतात. त्यांना आतून अस्तर असतं, आणि अस्तराला लागूनच केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. विषाणू ज्या पेशींत शिरतो त्यांतल्या काही पेशींचं कामच असं की फुगा मिटू नये म्हणून साबणासारखा एक पदार्थ सोडायचा. त्या पेशी मेल्या की फुगे मिटायला लागतात. शेजारच्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटलं की रक्तातलं पाणी आणि प्रथिनं फुग्यात झिरपतात. ते प्रथिन फुग्याच्या भिंतीवर थापलं जातं, दुधावर साय धरते तसं. काचेवर ते चकचकीत गुलाबी पट्ट्यासारखं दिसतं. त्याला हायलाइन मेंब्रेन म्हणतात. त्या सायीतून ऑक्सिजन नीट पलीकडे जात नाही. बाहेरून कितीही जोरानं सोडा.

ताई, ही साय दोन मिनिटांत धरत नाही. तिला दिवस लागतात. दुसऱ्या आठवड्यात शरीर दुरुस्तीला लागतं आणि तिथे तंतू विणायला घेतं. मग फुप्फुस ओलं राहत नाही, कडक होत जातं. बाबांचा बारावा दिवस होता. मास्कवर ९४ दिसतं ते मास्कसह ९४ असतं. आत कापूस अजून ओलाच असतो, आकडा तेवढा सुधारलेला दिसतो.

आता गुठळ्या. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे.

हॅम्बर्गच्या त्या बारा जणांपैकी सात जणांच्या पायांच्या खोल शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या सापडल्या. जिवंतपणी या सातांपैकी कोणाबद्दलही तशी शंका आलेली नव्हती. आणि बारापैकी चार जणांचा मृत्यू थेट त्यामुळे झाला होता. पायातली गुठळी सुटली, हृदयातून पुढे गेली आणि फुप्फुसाच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकली. हा अहवाल मे २०२० मध्ये आला. त्याआधी तिकडेही मृतदेह उघडू नका असाच सल्ला होता, संसर्गाच्या भीतीनं. हॅम्बर्गच्या न्यायवैद्यक विभागानं तरी उघडले म्हणून हे कळलं.

उत्तर इटलीत ३८ जणांची फुप्फुसं तपासली. त्यांतल्या ३३ जणांच्या बारीक धमन्यांत गुठळ्या होत्या. आणखी एका अभ्यासात कोविडनं गेलेल्या सात जणांची फुप्फुसं, २००९ च्या साथीतल्या फ्लूनं गेलेल्या सात जणांची आणि कोणताच संसर्ग नसलेल्या दहा जणांची, अशी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. साय दोन्ही रोगांत होती. पण केशवाहिन्यांतल्या गुठळ्या कोविडमध्ये फ्लूच्या नऊपट. शिवाय तिथे नव्या वाकड्यातिकड्या रक्तवाहिन्या फुटलेल्या होत्या, त्याही फ्लूपेक्षा बऱ्याच जास्त. हे वाचलं तेव्हा मला ती २०१५ ची बरणी आठवली. दोन्ही काचा वरवर पाहिल्या तर सारख्याच म्हणाव्या लागल्या असत्या. फरक रक्तवाहिनीत होता, आणि तो शोधायला मुद्दाम रक्तवाहिनीच बघावी लागते.

बाकीचे अवयव थोडक्यात. मूत्रपिंडाच्या नळ्यांच्या पेशी झडलेल्या. यकृतात चरबी आणि रक्त साचलेलं. प्लीहेतला पांढऱ्या पेशींचा भाग ओस पडलेला. हृदयाबद्दल तेव्हा खूप बोललं गेलं, पण हृदयाच्या स्नायूला खरी सूज आलेली क्वचितच सापडली. बारीक गुठळ्या मात्र तिथेही होत्या. मेंदूत मुख्यतः ऑक्सिजन कमी पडल्याच्या खुणा. न्यूयॉर्कच्या पीएममध्ये एक गोष्ट निघाली ती मला अजून विलक्षण वाटते. प्लेटलेट तयार करणाऱ्या मोठ्या पेशी हाडाच्या मगजात राहतात, त्या हृदयात आणि मूत्रपिंडात सापडल्या. एकतीस वर्षांत मी त्या पेशी हृदयाच्या काचेवर पाहिल्याचं मला आठवत नाही.

२०२२ च्या डिसेंबरात ४४ मृतदेहांचा एक मोठा अभ्यास आला. त्यात विषाणूचा अंश मेंदूसह जवळजवळ सगळीकडे मिळाला, एकात तर आजार सुरू झाल्यावर २३० दिवसांनीही. पण फुप्फुसाबाहेर सूज किंवा पेशींचा नाश फारसा नव्हता. म्हणजे विषाणू सापडला तिथेच त्यानं मारलं, असं धरता येत नाही.

संत्र्यावाल्या भाऊंसाठी: तो मेसेज मलाही आला होता, माझ्या मावसभावाकडून. गुठळ्यांचा भाग खरा आहे, म्हणूनच तो मेसेज खरा वाटतो. बॅक्टेरियाचा भाग खोटा. विषाणू त्याच ऊतींमध्ये दिसलेला आहे, त्याची जनुकं मोजलेली आहेत. सिंगापूर सरकारनं आपण असं काही म्हटलं नाही हे जाहीर केलं होतं. आणि बंदीबद्दल: आपल्याकडे आयसीएमआरनं (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं) मे २०२० मध्ये सांगितलं होतं की कोविडच्या मृतदेहावर न्यायवैद्यक पीएम करताना चिरफाड टाळावी, कारण करवतीनं कवटी कापताना उडणारे कण कर्मचाऱ्यांच्या जिवाला धोका. लपवाछपवीचा तो मामला नव्हता. अभ्यासासाठी परवानगी काढून भोपाळच्या एम्सनं पीएम केले, दिल्लीच्या एम्सनं चिरफाड न करता जाड सुईनं अवयवांचे तुकडे काढले.

ताई, एक विचारतो. शेवटच्या दिवसांत बाबा पाय दुखतो असं काही म्हणाले होते का? आठवत नसेल तर राहू द्या.

---

धारणीची आशा

मी मेळघाटात आशा म्हणून बारा वर्षं काम करते. आमच्याकडे पीएम म्हटलं की घरचे हात जोडतात, "आमच्या माणसाले चिरू नका." मी त्यांना दोष देत नाही. गाडीचा खर्च, दिवसभर बाहेर बसणं, आणि मग हातात एक कागद, जो कोणी वाचून सांगत नाही.

मूल गेलं तर आम्ही घरी जाऊन विचारपूस करतो. ताप कधी आला, फिट आली का, दूध कधी सोडलं, श्वास कसा चालत होता, दवाखान्यात कधी नेलं, गाडी किती वेळानं मिळाली. त्याला तोंडी शवविच्छेदन म्हणतात. चिरफाड नाही, पण आई बोलायला लागली की कागदावर नसलेलं खूप काही निघतं. काका पायाबद्दल विचारताहेत ते त्यातलंच आहे. ताई, तू नीट आठव. कोणत्या दिवशी काय म्हणाले, ते वहीत लिहून काढ.

---

खारपाणपट्ट्यातली

काका, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. पायाचं वाचल्यावर हात थांबला.

हो. जायच्या दोन दिवस आधी बाबा म्हणाले होते, डावी पोटरी ओढते आहे. मी सिस्टरला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, पडून पडून होतं, उशी द्या. मी पायाखाली चादर दुमडून ठेवली. पोटरी जरा जाड वाटली होती, पण सलाईननं अंग सुजतंच असं मला वाटलं. हे मी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं, कारण याला काही अर्थ आहे हेच माहीत नव्हतं.

आता भीती वेगळीच वाटते. म्हणजे मी चालवलं म्हणून गुठळी सुटली का?

---

बंधपत्रित

मी यवतमाळ जिल्ह्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. २०२१ मध्ये इंटर्न होतो, कोविड वॉर्डातच. तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मला लगेच लिहावंसं वाटलं.

एका बाजूची पोटरी दुखणं आणि जाड होणं, नंतर अनेक दिवस पडून राहिलेला माणूस पहिल्यांदा उठून चालणं, एकदम दम, छातीवर हात, पाच मिनिटांत मृत्यू. ही गोष्ट मला कोणी परीक्षेत विचारली असती तर मी फुप्फुसातली मोठी गुठळी हेच पहिलं उत्तर लिहिलं असतं. खात्री नाही, पण सगळ्यात जास्त जुळणारं तेच आहे. हृदयाचा ठोका एकाएकी बिघडणं हेही होऊ शकतं.

मास्कबद्दल खरं सांगतो, कारण तुम्ही सांत्वन नको म्हणालात. अशा फुप्फुसाच्या माणसाचा ऑक्सिजन मास्कशिवाय चालताना झपाट्यानं खाली येतो. तो ८० च्या खाली गेला असेलही. त्यानं त्रास वाढला असेल. पण निव्वळ त्यामुळे जे होतं ते बहुतेक असं असतं: माणूस धापा टाकतो, ओठ निळे पडतात, बसवून मास्क लावला की काही मिनिटांत आकडा वर यायला लागतो. मी हे रोज पाहिलं आहे. बाबांना मास्क लगेच लागला होता आणि तरी काही हाललं नाही. रस्ता पुढेच बंद असेल तर ऑक्सिजन देऊन उपयोग होत नाही.

चालवलं म्हणून सुटली का? गुठळी तिथे असेल तर ती खोकल्यानं सुटते, कुशीवर वळल्यानं सुटते, संडासला जोर केल्यानं सुटते. बेडपॅनवर बसल्या बसल्या गेलेले पेशंट मी पाहिले आहेत, मास्क नाकावर असताना. पोटरी दुखते हे तुम्ही ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगितलं होतं. पुढचं पाहणं वॉर्डाचं काम होतं. पेशंटला चालवायचं का, सोबत छोटा सिलिंडर द्यायचा का, हेही वॉर्डानं ठरवायचं असतं. एका माणसावर चाळीस बेड होते हे मला माहीत आहे, मी त्यातलाच होतो. तरी ते काम तुमचं नव्हतं.

फाईल घरी आहे का? त्यात डी-डायमर नावाची, गुठळ्यांचा अंदाज देणारी रक्ततपासणी आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात टोचायचं हेपारिन किंवा एनॉक्झापॅरिन नावाचं इंजेक्शन शोधा.

---

खारपाणपट्ट्यातली

फाईल कोठीत धान्याच्या ड्रमवर होती, बिलांसोबत. चार वर्षांत उघडली नव्हती.

डी-डायमर एकदाच आहे, भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. समोर नॉर्मल लिहिलं आहे. एनॉक्झापॅरिन ४० रोज एकदा, अशी पहिल्या चार दिवसांची खूण आहे. पुढच्या दोन दिवसांचा रकाना रिकामा. दिलं नाही की लिहायचं राहिलं, हे कागदावरून कळत नाही.

आणि काका, एक शेवटचं. आम्ही तेव्हा हट्ट धरून पीएम करवलं असतं, तर हे नक्की कळलं असतं ना? ही रुखरुखही आहेच.

---

बंधपत्रित

दुसऱ्या दिवसाचा नॉर्मल डी-डायमर दहाव्या-बाराव्या दिवसाबद्दल काही सांगत नाही. गुठळ्या नंतर होतात. म्हणून ती तपासणी दर दोन-तीन दिवसांनी करत.

रिकाम्या रकान्याबद्दल मला राग आला, तो लपवत नाही. पण एवढं सांगायला हवं की इंजेक्शन चालू असतानाही लोकांना गुठळ्या झाल्या, हेही पीएममधूनच दिसलं. पीएममध्ये इतक्या गुठळ्या सापडल्यावर सगळ्यांना जास्त डोस द्यावा असं वाटत होतं. २०२१ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: साध्या वॉर्डातल्या ऑक्सिजनवरच्या पेशंटना हेपारिनच्या पूर्ण डोसचा फायदा झाला, आयसीयूत गेलेल्यांना झाला नाही. ते निकाल छापून आले ऑगस्टमध्ये. बाबा एप्रिलमध्ये गेले.

---

मायक्रोटोम

ताई, पीएमच्या रुखरुखीबद्दल मी सांगू शकतो, कारण त्या बरण्या माझ्या हातून गेल्या आहेत.

गावाकडचं पीएम कसं होतं ते ऐका. शवविच्छेदन गृह म्हणजे गावाबाहेर टिनाचं छप्पर, एक कट्टा, पाणी असलं तर असलं. कापणारा माणूस बहुतेक सफाई कर्मचारी, वर्षानुवर्षं हातानं शिकलेला. डॉक्टर शेजारी उभे राहून लिहितात. त्यांच्यावर ओपीडी आहे, बाळंतपणं आहेत, बाहेर पोलीस आणि नातेवाईक उभे आहेत. छाती-पोट-डोकं उघडतात. पायांच्या शिरा साध्या पीएममध्ये उघडत नाहीत, तशी शंका असेल तरच उघडतात. फुप्फुसापुढे 'कंजेस्टेड' असा एक शब्द पडतो. तो शब्द मी हजारो कागदांवर वाचला आहे. विष घेतलेल्यावर तोच, बुडालेल्यावर तोच, न्यूमोनियावर तोच.

मग तुकडे. विषाच्या तपासणीसाठी अवयव मिठाच्या दाट पाण्यात ठेवतात, ते रासायनिक प्रयोगशाळेत जातात. आमच्याकडे यायचे ते फॉर्मलिनमध्ये हवेत. पण फॉर्मलिन संपलेलं असतं, किंवा दोन बरण्यांची अदलाबदल होते, आणि तुकडा मिठाच्या पाण्यातच आमच्याकडे येतो. मेच्या उन्हात बसमधून पोलीस शिपाई घेऊन येतो, कधी आठ दिवसांनी. मीठ विष शोधायला चालतं, पेशी टिकवायला चालत नाही. मी असा तुकडा मेणात बसवून कापला की काचेवर नुसता गुलाबी चिखल. केंद्रक नाही, भिंत नाही, काही नाही. मॅडमना लिहावं लागे, 'ऊती कुजल्यामुळे मत देता येत नाही'. प्रत्येक वेळी त्या सही करण्याआधी थांबत. मी एकदा स्वतः चारशे रुपयांचं फॉर्मलिन घेऊन एका तालुक्याच्या दवाखान्यात देऊन आलो होतो आणि बरणीवर मार्करनं लिहिलं होतं, 'मीठ नको'. पुढचे सहा महिने तिथून तुकडे चांगले आले. मग ती बरणी फुटली असावी.

मोठी गुठळी असती तर फुप्फुसाची धमनी कापताना दिसली असती, नीट पाहणारा असता तर. ती न दिसताही राहू शकली असती. म्हणजे पीएम न झाल्यानं हातातलं पक्कं उत्तर गेलं, असं मनात धरू नका. हॅम्बर्गला जे कळलं ते त्यांनी पोटरीच्या शिरा वरपासून खालपर्यंत उघडल्या म्हणून. आणि त्या बारा अनोळखी माणसांमुळे आज मी तुम्हाला पोटरीबद्दल विचारू शकलो.

दादांसाठी एक गोष्ट लिहितो. त्यांनी दोन दिवस, दोन रात्री फिरून रेमडेसिवीर आणलं. ते औषध विषाणूची वाढ रोखायचं. साय, तंतू, गुठळी यांच्यावर ते चालत नाही. सायीच्या सुजेवर चालतं ते स्टेरॉइड. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीत दिसलं की साध्या डेक्सामेथासोननं ऑक्सिजनवरच्यांचे मृत्यू पाचव्या हिश्शानं आणि व्हेंटिलेटरवरच्यांचे तिसऱ्या हिश्शानं कमी झाले. फाईलमध्ये ते असेलच, बघा. ते दिलं असेल तर बाबांना जे मिळायला हवं होतं त्यातलं महत्त्वाचं मिळालं होतं. दादांनी उशीर केला असं त्यांना वाटत असेल, तर तेही खरं नाही.

---

खारपाणपट्ट्यातली

डेक्सा आहे. रोज ६ मिलिग्रॅम, पहिल्या दिवसापासून, सही आहे.

दादांना उशीर झाला असं वाटतं, हे तुम्हाला कसं कळलं, काका? तो मला कधीच बोलला नाही. वहिनीला विचारलं तर म्हणाली, इंजेक्शन आणायला दोन दिवस लागले ते तो अजून मोजतो.

तो वखरायला गेला आहे, ऊन चढायच्या आत येईल. आशाताईंनी सांगितलं तसं मी वहीत सगळं तारखेवार लिहिलं आहे, पोटरीचंही. फाईल आणि वही ओसरीवर काढून ठेवली आहे. चहा झाला की दोघं मिळून वाचतो.